बेन ऑल्डरला जायचंय? हायलँड्समधल्या दुर्गम डोंगराची आखणी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडच्या हायलँड्समधला बेन ऑल्डर ११४८ मीटर उंच आहे आणि आपलं कळसूबाई १६४६ मीटर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सह्याद्रीत पाय मुरलेल्या माणसाला वाटतं, सकाळी चढू आणि दुपारी जेवायला खाली येऊ. इथेच आखणी चुकते. बेन ऑल्डरच्या पायथ्याला गाव नाही, चहाची टपरी नाही, वाट विचारावी असं घर नाही. सर्वांत सोयीचं रेल्वे स्टेशन डलविनी, आणि तिथून डोंगराचा पायथा सुमारे १५ किलोमीटर दूर. जाऊन-येऊन ३० किलोमीटर तर नुसत्या वाटेचे, डोंगर त्यानंतर सुरू होतो.

म्हणून इथे उंचीचा हिशोब दुय्यम आहे. कुठल्या ठिकाणाहून परत फिरता येईल, परतायला किती वेळ लागेल आणि त्या वेळी हवा कशी असेल, हे तीन प्रश्न आधी सोडवायचे. पुढचं सगळं हे तीन प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. एडिंबरा, ग्लासगो किंवा लंडनमध्ये राहणारे मराठी ट्रेकर आणि भारतातून सुट्टीत येणारे, दोघांनाही उपयोगी पडावं असा प्रयत्न आहे.

१. हा तुमचा पहिला डोंगर नसावा

स्कॉटलंडमध्ये ३००० फुटांवरच्या, म्हणजे ९१४ मीटरहून उंच शिखरांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली त्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. आजच्या यादीत २८२ शिखरं आहेत आणि बेन ऑल्डर त्यांतल्या अगदी आडबाजूच्या डोंगरांपैकी एक. त्याच्याआधी निदान दोन-तीन सोपे मन्रो करून घ्या. बेन लोमंड ९७४ मीटर आहे आणि त्याला ठळक, बांधीव वाट आहे. नंतर १०८३ मीटरचा शिहॅलियन करा. त्याचा माथ्याकडचा भाग मोठमोठ्या धोंड्यांचा आहे आणि तिथे वाट पुसट होते. ढगात, वाऱ्यात, ओल्या धोंड्यांवर आपले पाय आणि आपलं डोकं कसं चालतं, हे तिथे कळतं. गाडीपासून दोन-तीन तासांवर असताना ते कळलेलं बरं.

नकाशा आणि होकायंत्र वापरता येत नसेल तर आधी ते शिका. एव्हिमोरजवळ ग्लेनमोर लॉज हे स्कॉटलंडचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे असे अभ्यासक्रम होतात. कुणाला सोबत न्यायचं असेल तर ‘माउंटन लीडर’ ही पात्रता असलेला वाटाड्या शोधा. हिवाळ्यासाठी तिची वेगळी, वरची पात्रता असते.

२. महिना ठरवा

माझं स्पष्ट मत: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मे महिन्याचा उत्तरार्ध किंवा जूनची सुरुवात निवडावी.

त्यामागचं पहिलं कारण उजेड. हा भाग जवळपास ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. उशीर झाला तरी अंधार लगेच गाठत नाही. डिसेंबरमध्ये मात्र जेमतेम सात तास उजेड मिळतो, तेवढ्यात नुसती ये-जासुद्धा होत नाही.

दुसरं कारण मिज. डोळ्यांना नीट दिसणारही नाही एवढा हा चावरा किडा थव्याने येतो. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत त्याचा सुळसुळाट असतो, आणि वारा पडलेल्या दमट पहाटे-संध्याकाळी तंबूबाहेर बसणं अशक्य होतं. थोडा वारा वाहू लागला की तो उडू शकत नाही. म्हणून तंबूची जागा निवडताना मुद्दाम जरा वारं खेळतं अशी बघा. डोक्यावरून ओढायची जाळी वजनाला काहीच नाही, ती घ्याच.

तिसरं कारण शिकार. हा भाग खाजगी इस्टेटींचा आहे आणि ऑगस्टपासून २० ऑक्टोबरपर्यंत नर हरणांची शिकार जोरात असते. तेव्हा जायला बंदी नसते, पण इस्टेटीने कोणत्या बाजूला शिकार आहे ते कळवलेलं असतं आणि ती बाजू टाळणं अपेक्षित असतं.

नोव्हेंबर ते एप्रिल हा नवख्यांचा काळ नाही. बर्फकुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना बांधायचे धातूचे काटे, पाठीवर असून भागत नाही, ते वापरता यावे लागतात. हिमस्खलनाचा अंदाज देणारी सरकारी सेवा सहा भागांपुरती आहे आणि त्यांत बेन ऑल्डर येत नाही. जवळात जवळचा भाग क्रेग मेगीचा. म्हणजे जाणकारालाही इथला बर्फ स्वतःच वाचावा लागतो. आणि हो, मे महिन्यातही पूर्वेकडच्या कड्याच्या ओठावर बर्फाचा छज्जा लटकलेला असू शकतो.

३. नकाशा पसरा आणि वेळ मोजा

ऑर्डनन्स सर्व्हेचा १:५०,००० प्रमाणाचा लँडरेंजर नकाशा, क्रमांक ४२, कागदी घ्या. फोनमध्ये नकाशा जरूर ठेवा, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. नकाशावरची नावं गेलिक भाषेतली आहेत. ‘ऑल्ट’ दिसलं की ओढा, ‘बिअलख’ म्हणजे खिंड, ‘कोरी’ म्हणजे कड्यांच्या कुशीतला खोलगट भाग. एवढं माहीत असलं तरी नकाशा बोलायला लागतो.

डलविनी हे पर्थ-इन्व्हरनेस मार्गावरचं छोटं स्टेशन आहे. मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून परतीची गाडी आधी बघा आणि मग जाण्याची. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून निघणारी इन्व्हरनेसची रात्रगाडीही इथे थांबते. स्टेशनजवळचं रेल्वे फाटक २०२१ मध्ये कुलूपबंद झालं आणि त्यावरून बराच वाद झाला. फाटकातून जाता येणार नाही असं धरून, रूळ ओलांडण्याची दुसरी वाट नकाशावर शोधून ठेवा.

रुळांपलीकडे गेलं की लॉख एरिख्त या लांबलचक सरोवराच्या काठाने कच्चा गाडीरस्ता जातो. साधारण ९ किलोमीटरवर बेन ऑल्डर लॉज हे इस्टेटीचं खाजगी घर. तिथून रस्ता माळावर चढतो, लॉख पॅटक या तळ्याच्या बाजूला येतो, आणि मग पायवाट ओढ्याच्या कडेने नैर्ऋत्येला कल्रा नावाच्या जागी पोचते. कल्राला उभं राहिलं की समोर बेन ऑल्डर आणि त्याच्या शेजारी बेन व्हिऑल, दोघांच्या मधे खिंड, हे सगळं एका नजरेत येतं. चालायला चार तास धरा. बरेच जण लॉजपर्यंत आणि पुढेही सायकलने जातात. त्यात निम्म्याहून जास्त वेळ वाचतो, आणि परतीला थकलेल्या पायांना तिचं मोल कळतं. सायकल रेल्वेने न्यायची तर जागा आधी राखून ठेवा.

वेळेचा हिशोब स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२ सालच्या नियमाने करा: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा. कल्राहून बेन ऑल्डर आणि बेन व्हिऑल मिळून फेरी १५-१६ किलोमीटरची आणि चढाई ९०० मीटरच्या आसपास. नियमाने उत्तर येतं पावणेपाच तास. पण नेस्मिथ यांनी थांबे धरलेले नाहीत, आणि वाट नसलेल्या, दलदलीच्या, झुडपी माळावर ताशी ५ किलोमीटर कुणी चालत नाही. मी नवख्या गटासाठी सरळ आठ ते नऊ तास धरते.

आता डलविनीहून डलविनी एकाच दिवसात करायचं म्हटलं तर ४५ किलोमीटर होतात. सराईत माणसं सायकल घेऊन ते करतात, तुम्ही करू नका. पहिल्या दिवशी कल्रा, दुसऱ्या दिवशी डोंगर, तिसऱ्या दिवशी परत. हातात चौथा दिवस राखीव असेल तर फारच उत्तम, कारण तोच दिवस तुम्हाला खराब हवेत माथ्याकडे निघण्याच्या मोहातून सोडवतो.

४. हवामान वाचायला शिका

फोनमधलं साधं हवामान अॅप डलविनी गावाची हवा सांगतं, माथ्याची नाही. डोंगरांसाठी ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’चा अंदाज रोज येतो. त्यात माथ्यावरचा वारा किती, त्या वाऱ्याचा चालण्यावर परिणाम काय, ढग किती उंचीवर, मन्रो ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के आणि ९०० मीटरवर तापमान किती, असं सगळं असतं. पावसाचा रकाना सगळे बघतात. तुम्ही आधी वाऱ्याचा बघा.

सह्याद्रीतल्या पावसाने आपली एक सवय झाली आहे: भिजलो तर भिजलो, चालत राहिलं की अंग गरम राहतं. जुलैतल्या राजमाचीला हे चालतं. इथे हीच सवय जिवावर बेतते. समजा डलविनीला १४ अंश आहेत. माथा तिथून जवळजवळ ८०० मीटर वर, म्हणजे तिथे ८ अंशांच्या आसपास. त्यात ताशी ३० मैलांचा वारा धरला तर अंगाला शून्याच्या जरा वरची थंडी जाणवते, आणि कपडे ओले असतील तर शरीरातली ऊब झपाट्याने निघून जाते. ही जूनमधली गोष्ट आहे. माणूस थरथरतो, मग अडखळतो, असंबद्ध बोलायला लागतो. थरथर सुरू झाली तेव्हाच थांबून कोरडा थर चढवायचा, खायला द्यायचं आणि खाली वळायचं.

वारा ताशी ३० मैलांच्या वर सांगितला असेल तर नवख्यांनी माथ्याचा बेत त्या दिवशी सोडावा. ४०च्या पुढे तर सरळ उभं राहायला कष्ट पडतात. आणि सतत पाऊस असेल तर ओढ्यांकडे लक्ष द्या. सकाळी दगडांवरून उड्या मारत ओलांडलेला ओढा संध्याकाळी मांडीएवढा होऊन परतीची वाट अडवू शकतो.

५. पाठीवर काय

जीन्स घरी ठेवा. सुती कपडा भिजला की वाळत नाही, म्हणून अंगालगत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर जलरोधक जॅकेट. जलरोधक पँट आपली माणसं हमखास विसरतात, ती हवीच. टोपी आणि हातमोजे जूनमध्येसुद्धा, हातमोजे दोन जोड. घोट्याला आधार देणारे, तळ चांगला पकडणारे बूट, घरी आधी वापरून मऊ केलेले. हेडटॉर्च, शिटी, प्रथमोपचार, पॉवर बँक, आणि प्रत्येकाला एक जाड प्लास्टिकची संकटकालीन पिशवी, जिच्यात शिरून माणूस वारा-पावसापासून वाचतो. सगळं सामान सॅकच्या आत जलरोधक पिशवीत भरा. सॅकचं बाहेरचं कव्हर वाऱ्याने उडून जातं.

स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही. भारतातून येत असाल तर इनव्हरनेस, एव्हिमोर किंवा एडिंबरामध्ये विकत घ्या.

खाण्यात मला आपलंच बरं वाटतं. तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू थंडीत टिकतात आणि चालता चालता खाता येतात. संध्याकाळी गरम पाण्यात भिजणारं काहीही चालेल, रवा भाजून नेला तर उपमा दहा मिनिटांत. मात्र भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, त्यामुळे पेढे-बर्फी सामानात भरू नका. एका वेळचं जेवण जास्तीचं घ्या. पाणी ओढ्यांना मुबलक असतं. वाहतं पाणी घ्या, वरच्या अंगाला मेलेलं हरीण किंवा मेंढी नाही ना बघा, आणि उकळून किंवा गाळून प्या.

६. मुक्काम

स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने सर्वांना मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा आणि हलका मुक्काम करण्याचा हक्क दिला आहे. जमीन खाजगी असली तरी. प्रवेश फी नाही, परवानगीचं पत्र नाही. मला हा कायदा फार मोलाचा वाटतो, आणि तो टिकतो तो लोकांच्या वागण्यावर. लहान तंबू, एका जागी थोडेच दिवस, घरांपासून दूर. शेकोटी नको, कारण जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची असते आणि पीट आतल्या आत धुमसत राहतं. शौचाला पाण्यापासून निदान ३० मीटर दूर जा आणि खड्डा करून बुजवा. कागद-पिशव्या सगळं परत आणा.

बॉथी म्हणजे दरवाजा कायम उघडा असलेली साधी दगडी झोपडी. वीज नाही, नळ नाही, पलंग नाही, भाडं नाही. १९६५ साली स्थापन झालेली ‘माउंटन बॉथीज असोसिएशन’ ही स्वयंसेवी संस्था अशा सुमारे शंभर बॉथी सांभाळते. जुन्या वर्णनांत कल्राला बॉथी असल्याचं वाचाल. ती अॅस्बेस्टॉसमुळे बंद करावी लागली, तेव्हा तिच्या भरवशावर निघू नका. डोंगराच्या दक्षिण अंगाला, लॉख एरिख्तच्या काठी ‘बेन ऑल्डर कॉटेज’ ही बॉथी आहे, पण ती या वाटेच्या उलट बाजूला पडते. शिवाय बॉथी भरलेली असू शकते. कुठेही जा, तंबू सोबत हवा. सहा किंवा त्याहून जास्त जणांच्या गटाने बॉथीत मुक्काम करू नये असा संकेत आहे. आपल्याकडचे तीस-चाळीस जणांचे ट्रेक इथे आणू नका, चौघे जण पुष्कळ झाले.

७. डोंगराचा दिवस

सकाळी सातला निघा. कल्राहून एक चांगली पायवाट दोन डोंगरांमधल्या खिंडीच्या दिशेने ओढ्याकाठी चढते. माथ्यावर जायचे दोन पर्याय आहेत.

पहिला, लाँग लेखस नावाची लांब सोंड. पायवाट सोडून, ओढा ओलांडून, झुडपांतून तिच्या पायाशी जायचं आणि खडकाळ धारेने वर. काही ठिकाणी हात टेकावे लागतात. ज्यांनी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली आहे त्यांना कोरड्या, शांत दिवशी ती अवघड वाटू नये. ओल्या किंवा वाऱ्याच्या दिवशी हिच्या वाटेला जाऊ नका. हिच्या शेजारची शॉर्ट लेखस ही सोंड नवख्यांनी सोडूनच द्यावी.

दुसरा, पायवाटेनेच तळ्याच्या काठाने बिअलख ब्रेबाग खिंडीपर्यंत, साधारण ८३० मीटरपर्यंत चढायचं, आणि तिथून उजवीकडे बेन ऑल्डरचा खडा उतार चढून पठारावर. जातानाही हाच, येतानाही हाच, असं ठरवलं तर वाट ओळखीची होते. पहिल्या वेळेला मी हाच सुचवेन.

पठार मात्र जपून घ्या. बेन ऑल्डरचा माथा भलामोठा आहे, चार चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन हजार मीटरच्या वर. ढग उतरले की चारही बाजू सारख्याच दिसतात आणि पूर्वेकडे जमीन एकदम कड्यात तुटते. पठारावर पाय ठेवताच, हवा स्वच्छ असली तरी, होकायंत्राने माथ्याची आणि परतीची दिशा मोजून लिहून ठेवा. कड्याच्या काठापासून चांगलं अंतर राखा आणि बर्फ दिसला तर त्याहून जास्त. माथ्यावर सर्वेक्षणाचा खांब आहे, जवळच एक छोटं तळं आहे. त्या दोन खुणा एकत्र जुळल्या की तुम्ही बरोबर आहात.

१७४६ साली कलोडनच्या लढाईतल्या पराभवानंतर, ब्रिटनच्या गादीसाठी बंड केलेला राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट याच डोंगराच्या दक्षिण उतारावर, क्लनी मॅक्फर्सन या टोळीप्रमुखाच्या लपणीच्या जागेत राहिला होता. सप्टेंबरात इथून निघून त्याने फ्रेंच जहाज गाठलं. सरकारी फौजा मागावर असताना या दोघांना हाच डोंगर सुरक्षित का वाटला असेल, ते माथ्यावरून चौफेर पाहिलं की समजतं.

परतीचे निर्णय तंबूत असतानाच ठरवून घ्या. अकरापर्यंत खिंडीत पोचलो नाही तर तिथूनच परत. दुपारी दोनला जिथे असू तिथून परत. उतरून खिंडीत आल्यावर चौघेही ताजेतवाने असतील आणि हवा उघडी असेल तरच १०१९ मीटरचा बेन व्हिऑल, नाहीतर तळ्याकाठची वाट पकडून तंबूकडे. गटातला सर्वांत दमलेला माणूस काय म्हणतो ते ऐका, आणि त्याला ते सांगायची लाज वाटू देऊ नका.

८. काही बिनसलं तर

या भागात फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. निघण्याआधी घरच्या कुणाला तरी लेखी द्या: वाट कोणती, तंबू कुठे, जणांची नावं, जॅकेटचे रंग, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. शक्य असेल तर उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं यंत्र घ्या. रेंज मिळाली तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. ९९९ला एसएमएसही जातो, पण त्यासाठी आधी ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द त्याच क्रमांकावर पाठवून नोंदणी करावी लागते. ती घरूनच करा. शिटीचा संकेत: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. बचावपथकातली माणसं स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. ती पोचायला इथे काही तास लागू शकतात, तेवढा वेळ जखमी माणसाला जमिनीपासून वर, कोरडं आणि गरम ठेवणं तुमच्या हातात असतं.

९. उतरल्यावर

डलविनीला पोचताच ज्यांना वेळ देऊन आलात त्यांना फोन करा. नाहीतर तुमच्यासाठी पथक निघेल.

रोज संध्याकाळी तंबूत आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा अंगावर गोचीड शोधा: गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, केसांच्या कडेला. चिमट्याने किंवा खास हुकाने कातडीलगत पकडून सरळ ओढा. तेल लावू नका, जाळू नका. गोचिडीतून लाइम रोग होऊ शकतो. पुढच्या काही आठवड्यांत चावल्या जागी पसरत जाणारं लालसर वर्तुळ दिसलं, किंवा ताप-अंगदुखी सुरू झाली, तर स्कॉटलंडमध्ये असाल तर डॉक्टरांकडे जा किंवा १११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. भारतात परतला असाल तर डॉक्टरांना आपणहून सांगा की हायलँड्समध्ये फिरून आलोय आणि गोचीड चावली होती, कारण हा रोग आपल्याकडे क्वचितच दिसतो आणि तो त्यांना लगेच सुचेलच असं नाही.